मुहूर्ताचे शेअर

बाबा कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी बाहेर पडायचे दरवाजे शोधायचे. लग्न असो, नाटक असो, माझ्या शाळेचं गॅदरिंग असो. आई ओळखीचे चेहरे शोधायची, मी कोपऱ्यातली खुर्ची शोधायचे आणि बाबा दरवाजे. बसता बसता ते हळूच सांगायचे, "एक मागे डावीकडे आहे. दुसरा स्टेजच्या बाजूला, पण त्याला कुलूप दिसतंय." मग उठून ते कुणाला तरी ते कुलूप काढायला लावायचे. एका लग्नात त्यांनी अक्षता वाटत असलेल्या नवरदेवाच्या मामालाच किल्ली आणायला पिटाळलं होतं. आई नंतर दोन दिवस बोलली नाही.

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टीत होते. काहीच घडलं नाही म्हणजे काम चांगलं झालं, एवढाच त्यांच्या नोकरीचा अर्थ मला लहानपणी कळला होता. गॅस सुटला तर वारा कुठून येतोय ते कसं बघायचं, कुठल्या बाजूला पळायचं, हे ते जेवताना सांगायचे. त्यातली एक गोष्ट आमच्या घरात कायमची राहिली. कुठल्याशा कारखान्यात गॅस सुटला, सगळे बाहेर मैदानात जमले, आणि एक माणूस डबा आत राहिला म्हणून परत गेला. बायकोनं नवा घेतलेला स्टीलचा डबा. तो माणूस काही बाहेर आला नाही. बाबा गोष्ट इथेच थांबवायचे. पण आम्ही कुठे निघालो आणि कुलूप लावल्यावर आई छत्रीसाठी परत फिरली, की ते जिन्यातून ओरडायचे, "डबा राहू दे!" आई छत्री घेऊनच यायची.

शेअर बाजाराचा नाद त्यांना कुणी लावला ते मला माहीत नाही. जुन्या पनवेलमध्ये, तळ्यापासून जवळच, भांड्यांच्या दुकानाच्या वर एका ब्रोकरचं छोटं ऑफिस होतं. एक टीव्ही, एक कॉम्प्युटर, तो चालवणारा ऑपरेटर आणि भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर निवृत्त मास्तर, किराणावाले, जमिनी विकून मोकळे झालेले गाववाले असे सगळे बसायचे. बाबांची दुपारची शिफ्ट असली की ते सकाळी तिथे जायचे. सुट्टीत कधीकधी मलाही न्यायचे, म्हणजे मी घरात पुस्तकात तोंड खुपसून बसू नये म्हणून. मी तिथेही पुस्तक घेऊन बसायचे, पण कान उघडे असायचे.

तिथेही बाबा आधी दरवाजाच शोधायचे. शेअर घेताना किती भावाला घ्यायचा हे सांगतानाच, तो किती खाली आला की विकून बाहेर पडायचं तेही ते ऑपरेटरला सांगून ठेवायचे. आणि एकाच कंपनीत कधी फार पैसे घालायचे नाहीत. "सगळं केमिकल एका टाकीत भरत नाहीत," असं म्हणायचे. बाकीचे त्यांची चेष्टा करायचे.

"आले सेफ्टी साहेब! अहो, अजून वरमाला पडली नाही आणि तुम्ही काडीमोडाची तारीख काढताय."

बाबा हसायचे. आकडा मात्र बदलायचे नाहीत.

या शिस्तीला एकच अपवाद होता, आणि तो माझ्यामुळे होता.

मी चार वर्षांची असताना नवीन पनवेलमधल्या घरांची सोडत निघाली. अर्ज टाकायला जाताना बाबांनी तो माझ्या हातात दिला होता म्हणे, आणि मी तो पेटीत टाकला. घर लागलं. तेव्हापासून 'हिच्या हाताला यश आहे' हे आमच्या घरात ठरून गेलं. नवा फ्रिज मी चालू करायचा. नव्या स्कूटरला हळदकुंकू मी लावायचं. मला लोकांसमोर काहीही करायला लाज वाटायची, पण बाबांचा चेहरा बघून मी करायचे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेअर बाजार मुहूर्ताचा म्हणून तासभर उघडतो. त्या तासात घेतलेले शेअर शुभ मानतात. ऑफिसातल्या जुन्या लोकांचा नियम होता की मुहूर्ताचे शेअर विकायचे नाहीत. देवघरातलं चांदीचं नाणं कुणी मोडतं का, तसं. बाबांनी हा नियम उचलला. माझ्या नावानं खातं उघडलं आणि दर लक्ष्मीपूजनाला मला नवा ड्रेस घालून तिथे न्यायला लागले. आई पूजेची तयारी करत असायची आणि आम्ही दोघं स्कूटरवरून उड्डाणपूल ओलांडून जुन्या पनवेलला जायचो. ऑफिसात पेढे असायचे, कॉम्प्युटरला झेंडूची माळ असायची. मी ऑपरेटरसमोर उभी राहून किती शेअर आणि कोणत्या भावाला ते सांगायचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मी नेहमी अडकायचे. मग बाबा मागून कानात सांगायचे, "सिक्स्टी नाईन," आणि मी ते मोठ्यानं मराठीत म्हणायचे. सगळे टाळ्या वाजवायचे. मी पेढा घेऊन कोपऱ्यात जायचे.

त्या कोपऱ्यात चाचा बसायचे. पनवेलचेच कोकणी मुसलमान, अर्धं आयुष्य कुवेतला नोकरीत काढून परत आलेले. ते बँकांचे आणि दारूच्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे नाहीत. "आमच्यात ब्याजाचा पैसा चालत नाही, बेटा," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. बाकीचे म्हणायचे, "मग उरलं काय बाजारात?" त्यावर चाचा शांतपणे म्हणायचे, "उरतं की. तुम्ही बघत नाही." मुहूर्ताला ते पांढराशुभ्र कुर्ता घालून यायचे आणि खिशातून खजूर काढून माझ्या हातावर ठेवायचे. "पेढा त्यांचा, खजूर माझा. दिवाळी सगळ्यांची."

सुरुवातीची वर्षं ही खरेदी अगदी लहान असायची. नैवेद्यासारखी.

मग मी बारावी होऊन कॉमर्सला गेले त्या पावसाळ्यात बाबांचा कारखाना बंद झाला. हिशेबाचे पैसे एकरकमी मिळाले. आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "निम्मे माझ्या पोस्टात." आईचा पोस्टावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसावा. बाबांनी मुकाट्यानं निम्मे दिले. उरलेल्यातले काही त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं थोडे थोडे वेगवेगळ्या शेअरमध्ये गेले. आणि एक हिस्सा त्यांनी बाजूला काढला. ते माझ्या पुण्याच्या शिक्षणाचे पैसे होते. पदवी झाली की पुण्याला जाऊन दोन वर्षांचा मॅनेजमेंटचा कोर्स करायचा, असं मी ठरवलं होतं. घराबाहेर राहून शिकायची इच्छा मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलून दाखवली होती, आणि बाबांनी ती फारच मनावर घेतली होती.

तेव्हा पनवेलमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी विमानतळ होता. आमच्या गॅलरीतून सुकापूरच्या बाजूला भातशेतं दिसायची, ती एकेक करून भरावाखाली गेली आणि तिथे क्रेन उभी राहिली. तिथे इमारती बांधणाऱ्या कंपनीचे शेअर बाजारात रोज चढत होते. "बाकीच्यांना पेपरात वाचावं लागतं," बाबा चहा घेत घेत क्रेनकडे बघून म्हणायचे, "आपल्याला डोळ्यांनी दिसतंय."

त्या लक्ष्मीपूजनाला त्यांनी माझ्या शिक्षणाचे सगळे पैसे माझ्या हातून त्या एका शेअरमध्ये घातले.

मी आकडा सांगितला, टाळ्या झाल्या. ऑपरेटरनं सवयीनं विचारलं, "साहेब, खाली किती लावू?"

"मुहूर्ताचे आहेत," बाबा म्हणाले. "याला दरवाजा नसतो."

कोपऱ्यातून चाचा म्हणाले, "साहेब, घर पनवेलला. नोकरी होती तळोज्याला. आता हेपण पनवेललाच?"

"माझ्या लेकीच्या हातचं आहे, चाचा."

चाचांनी माझ्या हातावर खजूर ठेवला.

दिवाळीनंतर महिना-दोन महिने शेअर चढला. मग जानेवारीत बाजार पडला, आणि वर्षभर पडतच राहिला. बाबांचे बाकीचे शेअर ठरलेल्या आकड्यांना एकेक करून विकले गेले. थोडं थोडं नुकसान झालं, पण ते बाहेर पडले. ऑफिसातले लोक आता त्यांची चेष्टा करत नव्हते. "सेफ्टी साहेब वाचले," असं म्हणायचे. माझ्या नावच्या खात्याबद्दल कुणी विचारायचं नाही. तो शेअर आधी निम्म्यावर आला, मग निम्म्याच्या निम्म्यावर. बाबा रोज भाव बघायचे आणि घरी येऊन आईला बाजारभाव सांगायचे, पण भाज्यांचे.

उन्हाळ्यात एका रविवारी ते मला म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ." स्कूटर सुकापूरच्या दिशेला वळली तेव्हा मला कळलं कुठे जातोय ते. क्रेन होती तिथेच होती. पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून मला सिमेंटच्या गोणी दिसल्या. पाणी लागून दगड झालेल्या, वर गवत उगवलेलं. फाटकाशी एक म्हातारा पहारेकरी खाटेवर बसला होता. गावातलाच असावा.

बाबांनी विचारलं, "आज सुट्टी का?"

"सुट्टी कसली," तो म्हणाला. "काम बंद हाय. होळीपासून मानूसच नाय आला. माझापन पगार नाय." मग जरा थांबून म्हणाला, "तुमी फ्लॅट घेतलाय काय हितं?"

"नाही नाही," बाबा म्हणाले. "सहज आलो."

परत येताना त्यांनी उसाच्या रसाच्या गाडीवर थांबवलं. मला आलं-लिंबू घातलेला रस दिला आणि स्वतःच्या ग्लासाकडे बघत म्हणाले, "पावसाआधी मजूर गावाला जातातच. नंतर येतील." मी हो म्हटलं. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की आईचं पोस्ट सोडलं तर आमच्याकडे जे जे होतं ते एकाच जागी उभं होतं. घर, बंद पडलेली नोकरी आणि माझं पुणं. बाबांच्या भाषेत, सगळं एकाच टाकीत.

काही दिवसांनी ऑफिसात बाबा खाली चहा आणायला गेले असताना मी चाचांना विचारलं, की मुहूर्ताला तुम्ही 'हेपण पनवेललाच' असं का म्हणालात? मी आपणहून विचारलं याचंच त्यांना नवल वाटलं असावं. ते खुर्ची ओढून जवळ आले.

"कुवेतला माझी नोकरी होती ना, तर पैसापण तिथल्याच बँकेत. घराचं सामान तिथे. दोस्ताबरोबर थोडी दुकानात भागीदारी, तीपण तिथे. मला वाटायचं, जिथे कमावतो तिथेच ठेवावं, नजरेसमोर राहतं. मग लढाई पेटली. एक बॅग घेऊन आलो, बेटा. नजरेसमोर होतं म्हणून काय झालं? नजरेसमोरच गेलं." मग ते हसले. "त्या बॅगेत काय होतं माहितेय? बायकोसाठी घेतलेला मिक्सर. नुसतं भांडं. खालची मोटर तिथेच राहिली."

मीही हसले. मग म्हटलं, "बाबा विकत का नाहीत?"

"ते तू त्यांना विचार," चाचा म्हणाले. "मला वाटतं, ते नुसते शेअर धरून बसलेले नाहीत."

मला विचारावं लागलं नाही. दसऱ्याच्या आसपास एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आत आई-बाबा बोलत होते. मी खाली गेलेय असं त्यांना वाटत होतं.

"उरलेत तेवढे तरी काढा," आई म्हणत होती. "पहिल्या वर्षाची फी तरी निघेल."

"तिच्या हातून घेतलेत."

"मग?"

"मग काय? मी विकले तर तिला काय वाटेल? आपला हात वाईट, आपल्यामुळे गेले, असं आयुष्यभर मनात घेऊन बसेल. ती बोलते का काही? आपल्याला कळणारपण नाही."

आई म्हणाली, "आणि तुम्ही तरी कुठे बोलता?"

माझ्या हातात बाबांचा ओला शर्ट होता. तो मी पुन्हा पिळला. मी उन्हाळ्यापासून गप्प होते, कारण विका म्हटलं असतं तर बाबांची माझ्यावरची श्रद्धाच मोडली असती. आणि ते गप्प होते ते माझ्यासाठी. आमच्या दोघांच्या मधे तो शेअर रोज थोडा थोडा खाली जात होता.

लक्ष्मीपूजन आलं. बाजाराची दशा अशी होती की बाबा जायचं नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी नवा ड्रेस घातला. आई दारात म्हणाली, "लवकर या. वाती करून ठेवल्यात."

ऑफिसात यंदा पेढे कमी आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. झेंडूची माळ मात्र होती. चाचा कुर्ता घालून आले होते. मुहूर्त सुरू झाला, ऑपरेटरनं माझ्याकडे बघितलं. "बोला ताई, यंदा काय घ्यायचं?"

मी म्हटलं, "विकायचे आहेत."

माझा आवाज इतका लहान होता की त्यानं पुन्हा विचारलं. मग मी कंपनीचं नाव घेतलं आणि म्हटलं, "सगळे."

"मुहूर्ताला?" एक किराणावाले शेट जवळजवळ उठलेच. "अगं पोरी, आज कुणी विकतं का?"

बाबा माझ्या मागे उभे होते. ते वाकून हळूच म्हणाले, "आज नको गं. दिवाळी होऊ दे, मग बघू आपण."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या लोकांत काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. तेव्हाही सुचलं नाही. जे घरात रोज ऐकलं होतं तेवढंच तोंडातून आलं.

"बाबा, डबा राहू दे."

बाबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, परत घातला, आणि पुन्हा काढला.

"कसला डबा?" किराणावाले शेट चाचांना विचारत होते. "डबा कुणाचा राहिला?"

"राहू दे म्हणतेय ती, तर राहू दे ना," चाचा म्हणाले.

बाबांनी ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवला. "अठराची झाली ती, खात्यावर सही तिचीच लागते आता. ती सांगते तसं कर." मग सवयीनं माझ्या कानाशी आले, भाव बघितला आणि कुजबुजले, "फोर्टी नाईन." मी मोठ्यानं एकोणपन्नास म्हटलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी स्लिपवर सही केली. चाचांनी खिशातून खजूर काढला आणि या वेळी पहिला बाबांच्या हातावर ठेवला.

येताना पुलावर बाबांनी स्कूटर बाजूला घेतली. दोन्हीकडे कंदील लागले होते. सुकापूरची बाजू तेवढी काळोखात होती. ते पुढे बघतच म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून मी थांबलो होतो."

"मी पण," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"उसाच्या रसापासून."

ते हसले, मग खोकल्यासारखं केलं आणि स्कूटरला किक मारली. ती तीनदा मारावी लागली.

घरी आईनं पाटावर नवी केरसुणी मांडून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. "काय घेतलंत?" तिनं विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "विकले. मुहूर्ताला विकले तुझ्या मुलीनं."

आई बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "बरं झालं," ती म्हणाली. "केरसुणीची पूजा करायची आणि केर काढायचा नाही, असं कसं चालेल? चला, हात धुवा."

पुण्याला मी गेले नाही. उरलेल्या पैशांत पहिल्या वर्षाची फी निघाली असती, राहण्याखाण्याचा खर्च आणि दुसरं वर्ष नाही. मी पदवीनंतर जवळच वाशीला नोकरी धरली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कोर्स केला. शेवटच्या फीसाठी आईनं पोस्टातलं एक सर्टिफिकेट मोडलं आणि ते मोडताना पोस्टमास्तरला तीन वेळा सांगितलं की मुलीच्या शिक्षणासाठी आहे. पुण्याची रुखरुख मला पुष्कळ दिवस होती. अजूनही कुणी तिथल्या हॉस्टेलच्या गोष्टी सांगायला लागलं की मी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकते.

तो शेअर त्यानंतरही खाली जात राहिला आणि एक दिवस त्याचा भाव बघण्यासारखाच राहिला नाही. ऑफिसात बाबा सगळ्यांना सांगायचे, "बघा, वेळेवर बाहेर काढलं हिनं. मी म्हणत नव्हतो, हिच्या हाताला यश आहे?" त्यांची ती श्रद्धा मोडेल अशी मला भीती वाटत होती. ती मोडली तर नाहीच, उलट तिला आणखी एक पुरावा मिळाला.

मुहूर्ताला आम्ही अजून जातो. खरेदी पुन्हा नैवेद्याएवढी झाली आहे. मी ऑपरेटरसमोर उभी राहते, किती आणि कोणत्या भावाला ते सांगते. मग बाबा मागून विचारतात, "आणि दरवाजा?"

मी तोही आकडा सांगते. मनात इंग्रजीतून मराठीत यायला मला अजून एक क्षण लागतो. तेवढा वेळ ते थांबतात. कानात सांगत नाहीत.